कांदाचाळीतला आवाज

१

‘हा आवाज माझा न्हाई.’

पोपटभाऊंनी पाटीवर एवढंच लिहिलं आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली. घरात पंधरा-वीस माणसं होती. घशाचं ऑपरेशन करून सहा आठवड्यांनी ते पुण्याहून घरी आले होते, म्हणून अख्खी वस्ती भेटायला लोटली होती. स्पीकरवर ‘बुडीत’ वाजत होतं. ज्या गाण्यासाठी ही सगळी धावपळ, ते गाणं.

‘बुडीत’ माहीत नाही असा माणूस आंबेगाव-जुन्नरात सापडायचा नाही. आमच्या घोडेगावच्या तीन पोरांनी कांद्याच्या चाळीत बसून ते केलं. कांदे विकले गेल्यावर रिकाम्या चाळीला आतून गोणपाट आणि पोल्ट्रीतले अंड्यांचे ट्रे ठोकले आणि बँडचं नावही ‘कांदाचाळ’च ठेवलं. पोपटभाऊंचा मुलगा रुपेश गिटार वाजवतो आणि ओरडतो. ओरडतो म्हणजे गातोच, पण आम्हा म्हाताऱ्यांना ते ओरडणंच वाटतं. प्रतीक्षा ड्रम बडवते. रखमाजीचा सुदर्शन बेस वाजवतो आणि रेकॉर्डिंगही तोच करतो. गाणं बाहेर आलं आणि तीन आठवड्यांत पन्नास लाख लोकांनी ऐकलं. भाजीच्या टेम्पोत तेच, लग्नाच्या डीजेवर तेच.

आणि लोक ज्याच्यावर वेडे झाले, ती रुपेशची गिटार नव्हती. गाणं सुरू होतं तेव्हा नुसता एका म्हाताऱ्या गळ्याचा आवाज येतो, मग गिटारी कोसळतात. पुढे तिसऱ्या कडव्याला सगळं थांबतं आणि तो आवाज पुन्हा एकटा येतो. तो आवाज पोपटभाऊंचा, असं पन्नास लाख लोक समजत होते.

पोपटभाऊ म्हणजे आमच्या भागातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे बुवा. त्यांची कॅसेट कधी निघाली नाही. घशात गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले आवाज जाणार, तेव्हा पोरांनी घाईघाईनं त्यांचं एक गाणं भरून घेतलं. पुढल्या सोमवारी ऑपरेशन झालं. आता गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं आणि हातात पाटी. दवाखान्यात त्यांनी गाणं ऐकलं नव्हतं. घरी जाऊन सगळ्यांत बसून ऐकीन, असा हट्ट होता.

रुपेशनं स्पीकर बंद केला. ‘आबा, काय लिहिताय? तुमीच गायलाय ना चाळीत?’

पोपटभाऊंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. ‘मी गायलो व्हतो. ते हे न्हाई. रविवारी मी येनार न्हाई.’

रविवारी घोडेगावात त्यांचा सत्कार ठरला होता. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या.

२

मी गोरख. वायरमन म्हणून छत्तीस वर्षं या तालुक्यातल्या खांबांवर काढली, आता निवृत्त. तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे मी शेकड्यांनी पकडले आणि प्रत्येकानं मला ‘आमी न्हाई टाकला, वाऱ्यानं अडकला आसंल’ असंच सांगितलं. डिटेक्टिव्हगिरीचा माझा अनुभव तेवढाच. पण माणसं पांगल्यावर पोपटभाऊंच्या बायकोनं, शकुबाईनं, मला मागल्या दारी गाठलं.

‘गोरखभाऊ, हे तुमी शोधा.’

‘वहिनी, तुम्हाला कळलं नव्हतं?’ मी विचारलं. ‘तीस वर्षं तुम्ही तो आवाज ऐकलाय.’

ती पदराला हात पुसत राहिली. ‘पहिल्याच दिवशी शंका आलती. पन म्हणलं, दुखन्यानं बदलला आसंल. आता परत ऐकायला मिळायचा न्हाई, म्हणून मी ह्यालाच त्यांचा मानून घेतला. दवाखान्याच्या जिन्यात बसून रोज ऐकायची. आता सांगा, मी कुनाचा आवाज ऐकत व्हते? आन ह्यांचा कुठं गेला?’

सत्कार, पत्रिका, पन्नास लाख लोक हे सगळं मला त्या क्षणी फालतू वाटलं. एका माणसाचा आवाज जगात एकदाच नीट भरून ठेवला होता आणि तो गायब होता. हेच काय ते शोधायचं होतं.

घरी येऊन मी नातवाचे हेडफोन लावले आणि सुरुवातीचा तेवढा भाग बारा-पंधरा वेळा ऐकला. गायकीचं मला फारसं कळत नाही. पण त्या आवाजाच्या मागे, अगदी खाली, एक घरघर होती आणि दर दोन-तीन सेकंदांनी एक खरखर. बाकी कुणी म्हणालं असतं, रेकॉर्डिंगचा दोष. मी मात्र उठून बसलो. ही पाच हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार होती आणि तिचं बेअरिंग गेलेलं होतं.

मी जुन्या सवयीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. शेतीच्या लाईनीला थ्री फेज, म्हणजे मोटारी ओढणारी वीज, एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. पोपटभाऊ गायले तो मंगळवार होता, दुपारची वेळ. त्या आठवड्यात थ्री फेज रात्री होती. म्हणजे त्या दुपारी आख्ख्या शिवारात एकही मोटार चालू असणं शक्य नव्हतं. दिवसाची लाईट आली ती पुढल्या सोमवारी.

आणि पुढल्या सोमवारी पोपटभाऊ पुण्यात ऑपरेशनच्या टेबलावर होते.

३

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी प्रतीक्षाला कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. ती तिथं प्रयोगशाळेत मदतनीस आहे.

‘काका, आबा गायले तवा मी तिथंच व्हते,’ ती म्हणाली. ‘रुपेश पुण्याला दवाखान्यातल्या बेडचं बघायला गेलता. मी आन सुदर्शन दोघंच. आबा उभं राहून गायले, डावा हात कानावर ठेवून. माझ्या डोळ्यातनं पाणी थांबंना. एका दमात झालं सगळं.’

‘मोटार चालू होती?’

‘छे. म्हणून तर सुदर्शननं तो दिवस धरला. मोटार आसली की तो रेकॉर्डिंग करतच न्हाई.’

‘तिसरं कडवं काय गायले?’

तिनं मनाशी आठवून म्हणून दाखवलं:

*आई निजली नव्या जाग्याला,*
*पायाशी पाणी दिसतंय तिला.*

मी खिशातून फोन काढला आणि ‘बुडीत’चं तिसरं कडवं लावलं. त्यात तो म्हातारा आवाज म्हणतो:

*आई म्हणली बघू नको मागं,*
*मागं बघत चाललो मी.*

‘आरेच्चा,’ प्रतीक्षा म्हणाली. ‘गाणं बाहेर आलं तवा मी सुदर्शनला विचारलंवतं. तो म्हणला, आबांनी दोन येळा गायलं, तू गेल्यावर परत एकदा. मला खरंच वाटलं.’

रुपेशलाही कडवं वेगळं वाटलं होतं, पण त्याला वाटलं, ऑपरेशनच्या भीतीनं आबांनी ओळी बदलल्या असतील. पोरांनी आपापल्या परीनं समजूत काढून घेतली होती. मी पोपटभाऊंकडे गेलो आणि ‘बुडीत’मधलं ते कडवं कुठलं, एवढंच विचारलं.

त्यांनी बराच वेळ लिहिलं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढलं आणि त्यांचं गाव बुडालं, तेव्हा हे गाणं त्यांनी रचलं. आई हात धरून बाहेर काढत होती, ते त्या कडव्यात होतं. मग विहारात लाईट आली त्या वर्षी दिवाळीत आई वारली. त्यानंतर ते कडवं त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी नवीन रचलं. पाटीच्या तळाशी शेवटची ओळ होती: ‘तवापासनं जुनं कडवं मी एकदाबी म्हणलं न्हाई. ते आजून पुरं पाठ आसनारा मानूस एकच. कुशाबा.’

४

कुशाबा म्हणजे पार्टीचा ढोलकीवाला आणि मागे झील धरणारा. पोपटभाऊंच्या शेजारी उभं राहून त्यानं अर्धं आयुष्य घालवलं, पण पोरांनी रेकॉर्डिंगला त्याला बोलावलं नव्हतं. त्याला त्याचा राग होता आणि तो त्यानं लपवला नाही.

‘मला इचारलं न्हाई, राव. चाळीस वर्षं वाजवलं. त्या पोरीचे ड्रम पायजेत, माझी ढोलकी नगं.’

‘मग तू गायलास का?’

तो हसला. त्याला पुढचे दात नाहीत. ‘मी गायलो आसतो तर निम्मं गानं वाऱ्यानं गेलं आसतं. आन ऐक, जुनं कडवं माझ्या तोंडात येईलच कसं? सव्वीस-सत्तावीस वर्षं मी नव्या कडव्यावर तोडा वाजवतोय. झोपंतनं उठवलंस तरी नवंच येनार.’

त्याचं म्हणणं मला पटलं. सवयीच्या माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं. म्हणजे मला असा माणूस हवा होता ज्यानं हे गाणं पूर्वी पुष्कळदा ऐकलं, इतकं की श्वाससुद्धा पोपटभाऊंसारखा घ्यावा, आणि मग एकाएकी त्याच्या कानावर ते पडायचं बंद झालं. नवं कडवं त्याला ठाऊकच नव्हतं. पण पार्टीतले, वस्तीतले, भावकीतले सगळे दरवर्षी जयंतीला गाणं ऐकतच होते.

‘कुशाबा, मधे कुणी ऐकायचं सोडलं का?’

‘कोन सोडंल? उलट मानसं वाढली. आधी वड्याकाठच्या मैदानात गॅसबत्तीवर गायचो. मग तूच न्हाई का विहाराला मीटर बसवलंस?’

मी त्याच्या पायरीवरून उठलो ते चहा न घेताच.

५

संध्याकाळच्या आत मला कांदाचाळ बघायची होती. सुदर्शननं दार उघडलं. पोरगा बिचारा आठवडाभर झोपला नसावा, असा चेहरा होता. आत सगळं जुनं, धुळीचं, कांद्याच्या वासाचं, पण भिंतीवरचा लाईटचा बोर्ड पांढराशुभ्र नवीन. त्याच्या वर गोणपाटावर काळा फराटा उठला होता. मी तिकडे बघतोय हे त्यानं बघितलं.

‘कॉम्प्युटरबी नवीन दिसतोय.’

‘जुना लई हळू चालायचा, काका.’

‘आवाज पुण्याला कधी पाठवलास?’

‘ड्रम, गिटारी आधीच गेलत्या मिक्सिंगला. आबांचा आवाज शेवटी...’ तो अडखळला. ‘शेवटी पाठवला.’

मी आणखी विचारलं नाही. बाहेर गोठ्यात त्याचे वडील, रखमाजी, गुरांना वैरण टाकत होते. रखमाजी आमच्याकडचा मोठा बागायतदार. तोंडानं फटकळ, पोरांच्या बँडवर कायम डाफरणारा. मी गोठ्याच्या दांडीला टेकलो आणि सहज लावावं तसं फोनवर ‘बुडीत’ लावलं.

‘बंद कर ते,’ रखमाजी म्हणाले. ‘डोकं उठवलंय त्या गान्यानं.’

‘तुम्ही पोपटभाऊंना पूर्वी ऐकलंय का कधी?’

‘मी कशाला जातोय त्यांच्या कार्यक्रमाला? माझ्या बापानं तंगडी मोडली आसती. एकदाबी गेलो न्हाई, इचार कुनाला.’

गाणं तिसऱ्या कडव्याशी आलं, गिटारी थांबल्या. रखमाजींनी पेंढी खाली ठेवली होती, हात मोकळे होते. तरी ओझं उचलताना घ्यावा तसा एक मोठा श्वास त्यांनी घेतला. मग फोनमधल्या गाणाऱ्यानं घेतला. त्यानंतर ते पाठ फिरवून विहिरीकडे गेले आणि मोटार चालू केली. घरघर आणि दर दोन-तीन सेकंदांनी खरखर.

मी सुदर्शनकडे वळलो. तो दारात रडत उभा होता.

‘उद्या सकाळी पोपटभाऊंच्या घरी या,’ मी म्हणालो. ‘दोघंही.’

६

शनिवारी सकाळी पोपटभाऊंच्या घरी रुपेश, प्रतीक्षा, कुशाबा, शकुबाई असे सगळे होतो. सुदर्शन आत येऊन कोपऱ्यात बसला. रखमाजी आले, पण बाहेर ओट्यावरच टेकले, पाठ दाराकडे करून.

मी आयुष्यात भाषण केलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगितलं. आवाज भरला तो दिवसाच्या थ्री फेजच्या आठवड्यात, कारण मागे मोटार आहे. मोटार चाळीशेजारच्या विहिरीवरची आहे, मी काल ऐकली. सुदर्शन मोटार चालू असताना कधी रेकॉर्डिंग करत नाही, म्हणजे त्या दिवशी त्याचा इलाज नव्हता. गाणारा माणूस असा, की ज्यानं जुनं कडवं पाठ केलं आणि नवं ऐकलंच नाही. विहाराला मीटर मीच बसवला. त्या वर्षापासून कार्यक्रम ओढ्याकाठच्या मैदानातून विहारात, रस्त्याच्या पलीकडे गेला. ज्यांना बोलावणं होतं ते विहारात गेले. ज्याला लपून ऐकायचं होतं त्याला तिथवर काही ऐकू येईना. ओढ्याच्या पलीकडे शेत एकाचंच आहे.

रुपेश हळूहळू उभा राहिला. ‘सुदर्शन, तू माझ्या आबांचा आवाज काढून टाकला?’

‘काढला न्हाई रे. जळाला.’ सुदर्शन म्हणाला. ‘सोमवारी...’

‘पोराला कशाला इचारतो?’ ओट्यावरून रखमाजी म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. ‘मी केलं ते. सोमवारी सकाळी लाईट आली, स्टार्टर उचलंना. पीक वाळत व्हतं. मी चाळीच्या बोर्डावरनं वायर जोडली, नेहमी करतो तशी. आत कायतरी फाटकन वाजलं. धूर निघाला. त्याचं मशीन गेलं, त्याला लावलेला दुसरा डबाबी गेला. पोरगं मला एक शब्द बोललं न्हाई. नुसतं म्हणलं, आण्णा, आबा आत्ता टेबलावर हायेत.’

थ्री फेजची तार चुकीच्या जागी जोडली की दोनशे तीसच्या जागी चारशे चाळीस येतात, हे मी या माणसाला किमान दहा वेळा सांगितलं होतं. पण ती वेळ बोलायची नव्हती.

‘दोन दिवस त्यानं जेवन केलं न्हाई,’ रखमाजी सांगत राहिले. ‘मग म्हणलं, लाव तुझं मशीन. त्याला म्हाईत व्हतं मला येतं ते. रातच्याला पिकाला पान्याची दारं धरताना मी तेच म्हणतो. मोटार चालू आसली की कुनाला ऐकू जात न्हाई. मोटार बंद करून म्हणायला गेलो तर तोंडच उघडंना. म्हणून चालू ठेवली. कुनाला सांगायचं न्हाई अशी शपथ मीच घातली त्याला. वाटलं, चार मानसं ऐकतील, पोपटचं नाव ऱ्हाईल. हे आसं गावभर होईल हे कुनाला ठावं?’

शकुबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणजे तो आवाज आता कुठेच नव्हता. इतकी शोधाशोध करून मी तिला एवढंच आणून दिलं होतं आणि मला स्वतःची लाज वाटली.

पोपटभाऊ उठले. पाटी घेऊन ओट्यावर गेले आणि रखमाजींसमोर बसून लिहू लागले. मी मागून वाचत होतो.

‘मशीन जळालं त्याचा राग न्हाई. इतकी वर्षं वड्याच्या पलीकडं बसलास त्याचा हाय.’

‘तू कुठं बोलवलं व्हतंस?’ रखमाजी म्हणाले.

‘आडवलं व्हतं का?’

‘न्हाई. तू न्हाई आडवलं. मीच भ्यालो, बापाला आन भावकीला. मग बाप मेला तरी सवय सुटली न्हाई.’

पोपटभाऊंनी पाटी पुसली. आता त्यांचा हात जोरात चालत होता. ‘गान्यावर तुझं नाव लागंल. रचना माझी, गायला रखमाजी. उद्या स्टेजवर तू गायचं. मोटार न लावता, समद्यांम्होरं. कुनाकडं शिकलो तेबी सांगायचं. न्हाईतर मी गानं बंद करायला लावीन.’

‘भावकी बसलेली आसंल तिथं, पोपट.’

पोपटभाऊंनी त्या ‘समद्यांम्होरं’ शब्दावर दोनदा बोट आपटलं. रखमाजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि होकारार्थी मान हलवली. मग पोपटभाऊंनी त्यांच्या दंडाला धरून उठवलं आणि घरात आणून सतरंजीवर आपल्या समोर बसवलं. इतक्या वर्षांत या घरात ते पहिल्यांदाच आले होते. प्रतीक्षानं पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं.

पोपटभाऊंनी पाटीवर नवं कडवं लिहिलं आणि पुढे सरकवली. रखमाजींनी चष्मा लावून ते वाचलं. ते पहिल्यांदाच वाचत होते, हे ओळखू आलं. मग डोळे मिटून त्यांनी सूर धरला. ‘नव्या जाग्याला’शी ते वर गेले तसे पोपटभाऊंनी पाटीवर टक् केलं. चुकलं होतं. पुन्हा. पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी पोपटभाऊंनी डावा हात कानावर ठेवला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. ते आवाज न करता म्हणत होते आणि रखमाजी त्यांच्या ओठांकडे बघत, बरोबर त्यांच्यामागून म्हणत होते. रुपेशनं हळूच गिटार मांडीवर घेतली, पण वाजवली नाही.

कडवं संपलं. शकुबाई चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिनं वळून बघितलं नाही.

‘अवो,’ ती म्हणाली, ‘परत म्हणा की.’

रखमाजींना ती दादा म्हणते. ‘अवो’ ती जगात एकाच माणसाला म्हणते. पोपटभाऊंनी डोळे पुसले, हात पुन्हा कानावर ठेवला आणि श्वास घेतला. रखमाजींनीही घेतला.